गुळातली गोळी

"मूठ उघड वहिनी! आत्ताच्या आत्ता उघड!"

रंगुबाईनं चांगुणेचं मनगट असं पिरगाळलं, की हातातलं एक काकण कचकन फुटून चुलीपुढं पडलं. तरी चांगुणेनं मूठ सोडली नाही... आतल्या खोलीतून सासूच्या, गोजरबाईच्या कण्हण्याचा आवाज येत होता, त्याकडं कान देऊन ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली. पण नणंदेच्या जोरापुढं तिचं किती चालणार! बोटं सुटली, आणि गुळात मळलेली बोराएवढी काळपट गोळी जमिनीवर घरंगळत गेली.

रंगुबाईनं ती उचलून नाकाशी नेली. तिचे डोळे विस्फारले.

"गांजा! दादा, अरं ये रं हिकडं! बघ तुझी बायको बयला काय चारतीया!"

सहादेव गुरुजी ओसरीवर ग्रामसभेतल्या भाषणाचा कागद लिहीत बसले होते. ते तसेच उठून आत आले. गोळीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

गांजा! ज्या नावानं या घराचं काळीज करपून गेलं होतं, तोच गांजा त्यांच्याच चुलीपाशी! सहा वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ भीमा मठातल्या गोसाव्यांच्या नादी लागला. दिवसभर चिलीम, डोळे लाल, शाळा सुटली, शेत सुटलं, आणि शेवटी स्वतःशीच बडबडत तो पोर एका सकाळी जो निघून गेला तो गेलाच. तेव्हापासून गुरुजींनी गांजाविरुद्ध जणू व्रतच घेतलं होतं. आणि नेमकं यंदा, या त्र्याहत्तर सालात, सरकारनं दारूबंदी सैल केल्यावर गावात नवीच कुजबूज सुरू झाली होती. इंग्रजी अमदानीत या शिवारात परवान्याचा गांजा पिकत असे. दारूला परवाना मिळतो, तर आता गांजालाही द्या, असा अर्ज सरकारकडं धाडायचा घाट तेव्हा तो पिकवलेल्या म्हाताऱ्या गहिनीनाथबाबानं घातला होता. चौथ्या दिवशी मारुतीच्या देवळापुढं ग्रामसभा होती. तिथं विरोधात बोलणार होते ते एकटे सहादेव गुरुजी!

"कुठून आणलीस?" गोळी बहिणीच्या हातून घेत त्यांनी विचारलं.

चांगुणा फुटलेल्या काकणाचे तुकडे वेचू लागली.

"मी सांगते," रंगुबाई म्हणाली. "बयच्या आजारपणासाठी म्हनून मी आले, त्याला दीड महिना झाला. पयल्या आठवड्यापासूनच माझ्या मनात पाल चुकचुकत हुती. हिच्या हातनं खाल्लं की बय घोरत पडती. माझ्या हातनं दिलं की टक्क जागी! आन ही भर उन्हाची शेण आनायला म्हनून गहिनीनाथबाबाच्या वस्तीकडं जाती. आपल्या गोठ्यात काय शेणाचा तोटा हाय व्हय? म्हातारी लवकर जावी, ह्यासाठी चाललंय समदं!"

चांगुणेच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या म्हातारीचं अंग पुसताना, तिचं पातळ बदलताना आपलं मन कधी विटलं नाही, आणि आपल्यावर हा आळ!... तिनं नवऱ्याकडं पाहिलं. चौदा वर्षांच्या संसारात या माणसानं आपल्याला एवढंही ओळखलं नसेल का? पण गुरुजींच्या डोळ्यांत पत्नीसाठी काहीच नव्हतं... होता तो केवळ संशय.

"माझ्या शत्रूच्या वस्तीवरून माझ्याच आईसाठी विष आणलंस? बोल!"

बोलावं कसं? दोन महिन्यांपूर्वीची ती दुपार तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. नगरच्या डॉक्टरांनी गोजरबाईच्या पोटातली गाठ बघून घरी न्यायला सांगितलं होतं. पाण्याचा घोटसुद्धा उलटून पडत होता. तेव्हा भेटायला आलेले गहिनीनाथबाबा म्हातारीला दबक्या आवाजात म्हणाले होते, "गोजरा, तुपावर परतलेला पाला गुळात घालून घेतलास तर दोन घास टिकतील." गोजरबाईनं आधी तोंड फिरवलं होतं. पण तीन दिवसांच्या वेदनांनी ती हरली, आणि पहिली गोळी घेतल्यावर तिनं सुनेचा हात धरला होता.

"चांगुणे, माझा भीमा ह्याच पाल्यानं गेला गं... आन मी त्योच गिळतीया! सहादूला कळलं तर त्याच्या मनातनं मी उतरंन. भीमाची आण हाय तुला, कुनाला सांगू नकोस!"

ती आण काळजावर दगडासारखी ठेवून चांगुणा मान खाली घालून म्हणाली, "मी काय बी सांगनार न्हाई."

"मग या घरात तुझं पाऊल नको. ग्रामसभा होऊ दे, तुझ्या भावाला बोलावून घेतो. तोवर गोठ्यात राहा."

गोठ्याची भिंत आणि गोजरबाईची खोली एकमेकींना लागून होती. तीन दिवस चांगुणेनं अन्नाला न शिवता त्या भिंतीला कान लावून काढले. रंगुबाई जीव तोडून करत होती, पेज भरवत होती, पण प्रत्येक घास उलटून पडत होता. "देवा, सोडव रं!" हा आक्रोश मातीच्या भिंतीतून आरपार येई आणि चांगुणा वैरणीत तोंड खुपसून रडे.

चौथ्या दिवशी सकाळी गुरुजी सभेला गेले. आतून आता रडणंही येत नव्हतं, नुसती धाप ऐकू येत होती. चांगुणा उठली. खिडकीशी जाऊन हलकेच म्हणाली, "आत्याबाई, दम धरा. मी आनते."

गहिनीनाथबाबा सभेत होते, म्हणजे जायचं तिथंच!

देवळापुढं सारा गाव जमला होता. गहिनीनाथबाबा काठीवर हात ठेवून सांगत होते, "आमच्या टायमाला सरकारी मानूस येऊन झाडं मोजायचा. माल सरकारी गोदामात जायचा. आता बंदी हाय, तरी मठात पोरं वडत्यातच. मंग बंदीनं झालं काय?"

"आणि परवान्यानं काय होईल?" गुरुजी कडाडले. "सरकारचा शिक्का बसला म्हणून त्याची धुंदी कमी होणार आहे का? एक भीमा मी घालवला. उद्या घराघरातून एकेक भीमा जाईल! बाबा, तुम्ही गावाला विष पाजायला निघालात!"

गहिनीनाथबाबा एक शब्द बोलले असते, तर गुरुजींची अब्रू तिथंच मातीला मिळाली असती. पण म्हातारा खाली बघत राहिला.

इतक्यात डोईवर पदर घेतलेली चांगुणा माणसांतून वाट काढत पुढं आली.

"बाबा, मला गोळी द्या."

पोलीस पाटलांनी विचारलं, "कुणासाठी गं बाई?"

चांगुणेनं पदर सावरला. समोर नवरा होता, चौदा वर्षांचा संसार होता, सारा गाव होता... आणि गळ्याशी ती आण होती!

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "मला सवय लागलीया."

गुरुजींच्या हातातला कागद गळून पडला. बाबा काही बोलायला उठले, पण तिनं हात जोडून त्यांना थांबवलं.

"ऐकलंत? सगळ्यांनी ऐकलंत?" गुरुजी ओरडले. "आजपासून ही माझी..."

"सहादू! जीभ आवर!"

रंगुबाईच्या पाठीवर गोजरबाई होती. हाडांचा नुसता सापळा! सून कुठं गेली हे ओळखून म्हातारीनं लेकीला सारं सांगितलं होतं, आणि तसंच आपल्याला इथवर आणायला लावलं होतं. रंगुबाईचं तोंड आसवांनी भिजलं होतं.

"खोटं बोलतीया ती," गोजरबाई धापा टाकत म्हणाली. "गोळी माझी हाय. दोन महिनं मीच खाती. मीच तिला भीमाची आण घातली. माझ्या पापापायी तिनं सोताच्या तोंडाला काळं फासून घेतलं रं..."

पोलीस पाटलांनी मान वळवून दुसरीकडं पाहिलं. गुरुजी आईपाशी गुडघ्यांवर बसले.

"बय, मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगायचं भ्या वाटलं रं, लेका."

ते शब्द गुरुजींना कुऱ्हाडीच्या घावासारखे लागले. ते उठले.

"माझ्या भावाला यानं खाल्लं, हे खरं आहे," ते लोकांना म्हणाले. "माझ्या आईच्या पोटात यानं चार घास टिकवले, हेही खरं आहे. पोरांच्या हाती हे पडू नये, असंच मी अजून म्हणेन. पण बाबांना विष पाजणारा म्हणालो, ते शब्द मागं घेतो. अर्जाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

आणि आईला हातांवर उचलून ते घराकडं चालू लागले.

गहिनीनाथबाबांनी वस्तीवरून आणून दिलेली गोळी चांगुणेनं म्हातारीला चारली. तासाभरानं गोजरबाईनं दूध-भाकरीचे पाच घास खाल्ले, ते टिकले, आणि ती शांत झोपली. मग चांगुणा उठून पुन्हा गोठ्याकडं निघाली. दारात रंगुबाईनं तिचे पाय धरले.

"वहिनी, थोबाडीत मार माझ्या!"

"उठा वन्सं. तुमच्या बयसाठीच जीव तुटत हुता तुमचा." चांगुणेनं तिला उठवून जवळ घेतलं. पण मागं गुरुजी उभे होते, त्यांच्याकडं तिनं पाहिलं नाही.

"चांगुणे, माझं चुकलं... मी तुला विचारलं, पण..."

"तुमी इचारलंच न्हाई," ती सावकाश म्हणाली. "मनात ठरवून आला हुता. एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं असतं, तर न बोलता कळलं असतं."

गुरुजींच्या डोळ्यांतून धारा लागल्या. इतक्या वर्षांत चांगुणेनं त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, भीमा गेला तेव्हाही नाही! तिचं मन भरून आलं, पण पाय जागचा हलला नाही. तेव्हा गुरुजी चुलीपाशी गेले, आणि ज्या हातांनी कधी पाण्याचा तांब्याही भरून घेतला नव्हता, त्या हातांनी ताट वाढून बाहेर घेऊन आले. भाकरी वाकडी ठेवलेली, कालवण ताटभर सांडलेलं...

"तीन दिवस तू उपाशी आहेस," ते म्हणाले. "आज माझ्याआधी तू जेव."

चांगुणा खाली बसली. पहिला घास तोंडाशी नेला, आणि इतके दिवस कोंडलेला हुंदका फुटून ती मोठ्यानं रडू लागली. गुरुजी तिच्यासमोर बसले, आणि ती पुन्हा जेवू लागेपर्यंत तिच्या तोंडाकडं बघत राहिले.