रंगखोलीची खिडकी

वसंतातली भुरभुर सुरू होती. मोहीगुल मार्गिलान शहरातल्या रेशमी कापडाच्या कारखान्यात शिरली, आणि तेवढ्यात कुणीतरी निळ्या पाण्याची बादली तिच्या पायांवर रिकामी केली.

बादलीवाला जागीच थिजला. उंच, किडकिडीत, कोपरापर्यंत निळा झालेला. तो रंगखोलीचा कारागीर एलमुराद.

"हा रंग जात नाही," तो ओशाळून म्हणाला. "पण... तुम्हाला शोभतोय."

ही मुलगी आजपासून कारखान्याची प्रमुख आहे, हे कळल्यावर त्याने जीभ चावली. दुसऱ्या दिवसापासून तो वयाने मोठा असूनही तिला 'ओपा', म्हणजे ताई, म्हणू लागला; अगदी गंभीर चेहऱ्याने, डोळ्यांत हसू ठेवून.

मोहीगुलला कारखाना नुसता चालवायचा नव्हता. तिथल्या माणसांनी संध्याकाळी हसत घरी जावं, असं तिला वाटे. तिने रात्रपाळी बंद केली. मागावरच भाकरी खाण्याची सवय मोडून सगळ्यांना अंगणातल्या तुतीखाली जेवायला बसवलं. रोज सकाळी ती प्रत्येक दारात उभी राहून विचारी, बरं आहे ना, घरी सगळे ठीक, दमणूक नाही ना? सगळे छातीवर हात ठेवून म्हणत, बरं आहे, देवाची दया, बरं आहे. तिला ते खरं वाटे.

दुपारचा चहा एलमुराद ओतायचा. तिच्या पियाल्यात घोटभरच.

"कंजूष आहेस," ती म्हणे.

"भरून दिला तर तुम्ही उठून जाल, ओपा."

ती हसे... आणि पियाला पुन्हा पुढे करी. मधेच त्याला खोकला येई. तो तोंड फिरवी, वाफेवर ढकलून देई आणि लगेच काहीतरी विनोद करी. त्या विनोदावर ती भाळून गेली, खोकल्याकडे तिचं लक्षच गेलं नाही.

शरदात तो उकळत्या हंड्यापाशी कोसळला.

डॉक्टरांनी सांगितलं, छाती पोखरली आहे. आता ती वाफ नको, इथली दमट हवाही नको; कोरड्या डोंगरात राहायला हवं, बहुधा कायमचंच. रंगखोलीच्या खिडक्या तर कधीच्या विटांनी बुजवलेल्या. गार वारा लागला की रंग एकसारखा चढत नाही, म्हणून जुन्या उस्तादांनी तसं केलं होतं.

मोहीगुलने सगळ्यांत जुन्या विणकर शराफत खालाला, म्हणजे मावशीला, विचारलं, त्याच्या खोकल्याचं तुम्हाला माहीत होतं का?

"सगळ्यांना माहीत होतं, पोरी," खाला म्हणाली. "पण तू दारात उभी राहून खुशाली विचारायचीस. दारात कुणी कुणाला आपलं दुखणं सांगतं का? तिथे 'बरं आहे' एवढंच म्हणायचं असतं. तू कधी आत येऊन बसलीस?"

ती दवाखान्यात गेली, तेव्हा एलमुराद उशाला टेकून बसला होता. मला तरी सांगायचंस, एवढंच ती म्हणू शकली.

"तू इतक्या आनंदाने विचारायचीस," तो हळूच म्हणाला. "तो आनंद मोडवेना." त्या दिवशी तो 'ओपा' म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी ती रंगखोलीत जाऊन जमिनीवर बसली. बराच वेळ बसली, तेव्हा कुठे उरलेले दोघे कारागीर बोलू लागले. खोकला त्यांनाही होता. ती मालकाशी भांडली. मालकाने भिंत फोडायला कशीबशी परवानगी दिली. पण कापडाचा एक जरी तागा बिघडला तर खिडक्या पुन्हा बुजवीन, असं बजावलं. खिडकी उघडी ठेवून एकसारखा रंग चढवायची युक्ती अजून कुणालाच साधली नव्हती. ती पाठीशी उभी राहिली नाही, तर त्या दोघांचंही एलमुरादसारखंच होणार होतं.

एलमुराद झामिनच्या डोंगरात भावाकडे निघाला. टॅक्सी भरल्याशिवाय सुटत नाही. त्याच्या शेजारची जागा तेवढी रिकामी होती, आणि ड्रायव्हर अड्डाभर ओरडत होता, "झामिन, एकच जण! एकच जण!"

मोहीगुल उघडं दार धरून उभी होती.

"तू ये म्हणालास तर मी येईन," ती म्हणाली. "माझं प्रेम आहे तुझ्यावर... हेसुद्धा मी उशिराच सांगतेय."

"मी ये म्हटलं, तर त्या दोघांचं कसं व्हायचं?" त्याने तिच्या हातावर हात ठेवला. "म्हणून म्हणत नाही. नाहीतर, मोही... मी दुसरं काहीच म्हटलं नसतं."

खरबुजांचं गाठोडं सांभाळत एक म्हातारी धापा टाकत आली आणि आत डोकावली.

"ही जागा तुझी का गं, बाळ?"

मोहीगुलने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"नाही, आजी," ती म्हणाली. "बसा तुम्ही."

तिने गाठोडं आत ठेवलं, म्हातारीला हात देऊन बसवलं आणि दार ओढलं. ते नीट लागलं नाही. म्हणून तिने ते पुन्हा उघडलं, आणि पुन्हा एकदा, जोराने, बंद केलं.