ओल कुणाची

दमट गादी डोक्यावर घेऊन कुंदा गच्चीचा जिना चढत होती. समोरचं काही दिसत नव्हतं... आणि वरून कुणीतरी भरभर उतरत होतं. व्हायचं तेच झालं. गादी त्या माणसावर, आणि कुंदा कठड्याला टेकलेली.

"अहो भैया, पाहून चाला ना!"

"पाहूनच चालून राहिलो होतो," गादीखालून आवाज आला. "जिना चढणारी गादी पहिल्यांदाच पाहिली. अन् भैया तेवढं नका म्हणू."

तिला हसू आलं, पण रागही होताच. "काय करू मग? पावसाळा सरला, थंडी आली, तरी आमची भिंत ओलीच. आईचा खोकला जात नाही. अन् घरमालक म्हणतात, तुम्ही खोलीत कपडे वाळवता म्हणून ओल येते. एकदा खाली येऊन पाहावं ना त्यांनी!"

"ते नाही आले... त्यांचा मुलगा पाहील. चालेल?"

कुंदाचा चेहरा खर्रकन उतरला. हा श्रीरंग होता — रामरावांचा मुलगा, इटारसीहून बदली होऊन इथल्या फॅक्टरीत नुकताच आलेला.

तो त्याच संध्याकाळी खाली आला. मग रोजच येऊ लागला. भिंतीवर तळहात ठेवायचा, पोपडे खरवडायचा. कुंदाची आई, कलावतीबाई, चहा ठेवायच्या. चुन्याची धूळ त्याच्या पापण्यांवर बसायची. ती पुसावी असं कुंदाला वाटायचं... हात ओढणीशीच थांबायचा.

"भिंतीला कान काहून लावता? काय म्हणते?"

"म्हणते, कुंदा रागावली की छान दिसते."

"चूप! आई आहे आत."

एका रविवारी त्यानं वरच्या मजल्यावरची स्वतःच्या घरची न्हाणी फोडली. फरशीखालचा पाइप गंजून फुटला होता, पाणी थेट भिंतीत झिरपत होतं. त्यानं वडिलांना आणि कुंदाला बोलावून दाखवलं.

"बाबा, ओल यांच्या कपड्यांची नाही, आपल्या न्हाणीची आहे. दुरुस्ती आपणच करायची."

"पोरीसाठी बापाला खोटं पाडतो?" रामराव ओरडले.

कुंदाच्या कानशिलांना आग लागली.

पाइप बदलला. पण भिंत वाळायला महिने लागणार होते, आणि या खोलीत आईला झोपवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. मायलेकींनी कांचघरची ही वस्ती सोडून शहराच्या दुसऱ्या भागात, अधारतालला, भाड्यानं घर घेतलं. सामान टेम्पोत चढत असताना श्रीरंगनं हळूच विचारलं,

"मी येऊ... तिकडे?"

हो म्हणावंसं वाटत होतं. फार वाटत होतं.

"नका येऊ. तुमचे बाबा म्हणतील, खरंच पोरीसाठी केलं."

"तुम्ही म्हणाल तसं."

आणि त्यानं शब्द पाळला!

नव्या घरात दिवसभर ऊन यायचं. आईचा खोकला थांबला. कुंदा मात्र रस्त्यावर स्कूटर हळू झाली की दाराशी जायची. संध्याकाळी चहाचं आधण ठेवताना एक कप पाणी जास्तच पडायचं. तो चहा निवायचा... ती मोरीत ओतायची.

एक दिवस कलावतीबाई म्हणाल्या, "ज्याला नको म्हटलं, त्याला ये म्हणायला तोंडही तुझंच लागते ना, पोरी?"

दुसऱ्याच दिवशी कुंदा कांचघरला गेली. दार रामरावांनी उघडलं.

"भिंत पाहायला आली? वाळून राहिली."

"नाही काका. मी... श्रीरंगला भेटायला आली."

"तूच त्याला येऊ नको म्हटलं होतं म्हणे."

"हो. तुम्हाला वाटू नये, की माझ्यासाठी त्यांनी तुम्हाला दुखवलं. ते खरं तेच बोलले होते, काका."

रामराव दाराची कडी धरून उभे राहिले. मग खाली पाहत म्हणाले, "खरंच बोलला तो. न्हाणी माझी, पाइप माझा. आईला सांग तुझ्या." आणि आत वळून हाक मारली, "श्रीरंग! बाहेर ये."

श्रीरंग ओले हात पुसत आला, आणि उंबऱ्यातच थबकला.

"आली तू?"

कुंदाचे डोळे भरून आले.

"आली... माझं इतकं ऐकायचं असते काय हो?"