सात नंबरचं कार्ड

सोमवारी सकाळी साडेदहाला शाळेत फोन आला, उद्या तपासणीस येणार. असा फोन आला की आमच्याकडे पुस्तकांच्या आधी रंगाचे डबे बाहेर निघतात. तुम्ही दोघं सफाईला नवीन आहात, म्हणून सांगतोय. कॅलम, शॅनन, चहा घ्या, निवतोय. हे ट्रेव्हरचं आहे, माझ्या आधी इथला केअरटेकर. हल शहरात माझ्या शेजारीच राहतो. याच बॉयलरजवळ बसून त्यानं मला सांगितलं.

तेरा नोव्हेंबर, तोच सोमवार. साडेचारलाच काळोख पडला होता. उपमुख्याध्यापिका मिस प्रूएट त्याला म्हणाल्या, "शिक्षेच्या खोलीतले खण पांढरे करून टाक, ट्रेव्हर. सातव्याला दोन हात दे."

ती खोली तुम्ही झाडलीय. प्लायवूडचे दहा खण, पोराचं तोंड भिंतीकडे. दिवसभर बोलायचं नाही. कडेला कार्ड असतं. हिरवं म्हणजे ठीक. लाल म्हणजे कुणीतरी या.

त्याच वर्षी मार्चमध्ये सातव्या खणात टॅमसिन होती. तेरा वर्षांची, दम्याची. तिनं कार्ड लाल केलं. मिस म्हणाल्या, नाटकं आहेत, पाच मिनिटं थांबू दे. ट्रेव्हर तिथंच शिडीवर ट्यूब बदलत होता. त्यानं लाल कार्ड पाहिलं. पाचाची वीस मिनिटं झाली. पोरगी दवाखान्यात गेली, परत आली नाही. चौकशीत ट्रेव्हरनं लिहून दिलं, कार्ड हिरवं होतं. त्याची नोकरी राहिली. मिसना बढती मिळाली.

"मग काय, भुतानं शिडी हलवली?" कॅलम म्हणाला. शॅननने त्याला कोपर मारलं.

नाही रे. त्यानं खण रंगवले. सगळी कार्डं हिरवी केली. ब्रश धुवायला गेला.

परत आला. सातवं लाल.

त्यानं फिरवलं. दिवा घालवायला वळला... मागे कुणीतरी श्वास ओढला. बारीक. बारक्या नळीतून ओढावा तसा.

पुन्हा लाल.

"कोण आहे?" असंही त्यानं विचारलं नाही. ब्रश बुडवला, कार्डाच्या दोन्ही बाजू पांढऱ्या केल्या. आणि पळाला.

सकाळी मिस तपासणीसांना घेऊन खोलीत आल्या, अंगाला अत्तराचा घमघमाट. सातव्यावर कार्ड लाल होतं. पांढऱ्याचा एक शिंतोडा नाही. मिसनी हसत हसत ते काढून खिशात टाकलं आणि पाहुण्यांपुढे बिस्किटं धरली. ट्रेव्हरलाही एक दिलं. त्यानं ते खाल्लं. हे सांगताना त्याला इथं, या बादलीत, ओकारी झाली.

संध्याकाळी सातव्यावर कार्ड होतं. लाल. त्याला आता दोन वर्षं झाली. मी रोज कुलूप लावतो, रोज बघतो.

ट्रेव्हरनं जबाब बदललेला नाही. आणि मीही अजून कुणाला कळवलेलं नाही.