बातलच्या पुढचा नाला

"बदलापूर की अंबरनाथ?"

लोसर म्हणजे स्पिती खोऱ्याच्या टोकाचं गाव. तिथल्या ढाब्यावर चहाच्या पेल्याभोवती बोटं शेकत बसलेल्या राजसीच्या कानावर हा मराठी प्रश्न आला. तिने वळून पाहिलं. उन्हाने नाक सोललेला एक उंच माणूस बाहेर लावलेल्या तिच्या मोटरसायकलच्या नंबरप्लेटकडे बोट दाखवत उभा होता.

"बदलापूर," ती म्हणाली आणि पुन्हा चहाकडे वळली.

तिला खरं तर रागच आला होता. इतक्या लांब, जिथे मैलोन्मैल झाड दिसत नाही, तिथेही शेजारच्या स्टेशनचाच माणूस भेटावा... तो उन्मेष, अंबरनाथचा. तोही मोटरसायकलवर, एकटाच. एवढं सांगून तो पलीकडच्या बाकावर जाऊन बसला. तिच्या बाकावर जागा होती, तरीही. राजसीने ते टिपलं.

राजसी मोरिवलीजवळच्या एका औषध कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत काम करायची. नोकरी लागेपर्यंत वडिलांनी, अण्णांनी, तिला स्कूटरवरून सगळीकडे पोचवलं होतं. मग महेशशी लग्न ठरलं. महेश भला माणूस होता, पण त्याचं एकच वाक्य ठरलेलं – तुला झेपणार नाही, मी येतो. आधी ते गोड वाटलं. वर्षभरात तिचा जीव गुदमरायला लागला. तिने ठरलेलं लग्न मोडलं. आई, मालिनीताई, महिनाभर तिच्याशी धड बोलल्या नाहीत. त्या महिन्यातच राजसीने जुनी मोटरसायकल घेतली, उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या गॅरेजमध्ये तिला सामानाचा कॅरियर लावून घेतला आणि रजेचा अर्ज टाकला. एक रस्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या हाताने कापायचा, एवढंच तिला हवं होतं.

दोघं गावातल्या एकाच घरी मुक्कामाला होते, त्यामुळे रात्रीचं जेवण एकाच शेगडीभोवती झालं. उन्मेष बारवी धरणाजवळच्या जलशुद्धीकरण केंद्रात इंजिनिअर होता. वर्षभर लोक त्याला फोन करून पाणी कधी येणार ते विचारतात, म्हणून वर्षातून एकदा तो जिथे फोन लागत नाही तिथे येतो, असं त्याने सांगितलं. राजसीला हसू आलं. कित्येक दिवसांत ती पहिल्यांदाच हसत होती.

"उद्या बरोबर निघायचं का?" त्याने विचारलं. "कुंझुम खिंडीच्या पलीकडे नाले आहेत. पाणी बरंच असतं म्हणे."

"नको. मला एकटीलाच जायचंय."

"बरं."

पुढची समजावणी ऐकायची तिने तयारी करून ठेवली होती. पण तो पोळीचा तुकडा डाळीत बुडवत राहिला. शेवटी तिनेच विचारलं, "वाईट वाटलं?"

"थोडं. पण काय करणार... रस्ता एकच आहे, तेव्हा मी मागे असेनच. तासाभराने निघतो."

"आणि मी पडले तर?"

"हाक मारा. हाक मारल्याशिवाय येणार नाही."

"नक्की?"

"नक्की," तो म्हणाला. शेगडीच्या उजेडात त्याचे डोळे हसत होते. राजसीने घाईने ताट उचललं.

सकाळी ती निघाली. कुंझुम खिंडीत पताका फडफडत होत्या, समोर बर्फाची शिखरं होती. ती तिथे हवी तितकी बसली. घाई करणारं कुणी नव्हतं. पण त्या बसण्यात ऊन चढलं, वरचा बर्फ वितळला, आणि बातलच्या पुढे रस्त्यावरून धावणारा नाला चांगलाच फुगला.

मध्यावर एका गोल दगडावरून पुढचं चाक घसरलं. गाडी आडवी झाली आणि तिचा बूट खाली अडकला. कमरेपर्यंत पाणी... इतकं गार की श्वास आतच राहिला. तिने हँडल धरून जोर लावला. गाडी जरा उचलली आणि पुन्हा बसली. तिने वर पाहिलं.

काठावर उन्मेष उभा होता. त्याने हेल्मेट फेकून दिलं होतं, जॅकेट काढलं होतं, चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने एक पाऊल पाण्यात टाकलं. मग ते मागे घेतलं. दोन्ही मुठी आवळून तो तिच्याकडे बघत राहिला.

राजसीने पुन्हा जोर लावला. या वेळी पाय सुटला. आता ती सुखरूप होती. मागून एखादा ट्रक आला असता, गाडी निघाली असती, उन्मेषचे उपकार नकोत तर तेही जमलं असतं. ती पाण्यात उभी राहिली, थरथरत, आणि तिला जाणवलं की ट्रकची वाट बघायची तिला मुळीच इच्छा नाहीये.

"उन्मेष... ये ना."

तो धावतच आला. दोघांनी मिळून गाडी उभी केली, ढकलत पलीकडे नेली. मग दोघं दगडांवर बसून धापा टाकत राहिले.

"जीव गेला होता माझा," तो म्हणाला.

"मग आला का नाहीस?"

"तू बोलावलं नव्हतंस."

राजसीने मोजे काढले आणि पिळत बसली, पाठ फिरवून.

पुढे ग्राम्फूला रस्त्याला दोन फाटे फुटले. त्याला लाहौलकडे जायचं होतं, तिला मनालीकडे. त्याने नंबर मागितला नाही, तिनेही दिला नाही. तिने हात पुढे केला. त्याने आधी हातमोजा काढला, मग तो हात हातात घेतला.

घरी आल्यावर अण्णांनी फोटो पाहिले, मालिनीताईंनी खायला केलं. सगळं चांगलं झालं, असं राजसीने सांगितलं, आणि ते खरंही होतं. पण रोज सकाळी नळाला पाणी आलं की तिला बारवी आठवायची. दिवाळीपर्यंत तिने ते चालवून घेतलं. मग एका दुपारी ती बारवीच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालू होती, हवेला ओल्या पेंढ्याचा वास होता.

केंद्राच्या फाटकावर तिने निरोप पाठवला. उन्मेष बाहेर आला, तिला पाहून थबकला.

"पुढच्या वर्षी झंस्करला जाणारे," ती म्हणाली.

"एकटी?"

"एकटीच."

"मग... मला काय सांगायला आलीस?"

राजसी रस्त्याकडे बघत राहिली. "एकटीने जायला मला आवडतं. जाणारच. पण या वेळी परत आल्यावर सगळं कुणाला सांगायचं तेच कळेना. घरी सांगितलं, तर अर्धंच सांगून झालं. उरलेलं तुलाच सांगायचं होतं... दर वेळी तुलाच सांगायचंय."

त्याने मागचं फाटक ओढून घेतलं. मग म्हणाला, "मीही एकटाच जातो. ते मला सोडवणार नाही, राजसी."

"सोडू नकोस. एक वर्ष तू, एक वर्ष मी."

"आणि घरी राहील त्याने?"

"वाट बघायची."

"अवघड काम आहे ते."

"माहितीये. म्हणून तर दुसऱ्या कुणाला विचारलं नाही."

तो हसला, आणि फाटकाशेजारच्या कट्ट्यावर त्याने तिच्यासाठी जागा केली. "सांग मग," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

राजसी त्याच्या शेजारी बसली, आणि बदलापुरातून निघाल्या सकाळपासून सांगायला तिने सुरुवात केली.