गामजाची पाच इंजेक्शनं

बोराम आणि डॉक्टर इन-सोक यांची पहिली भेट झाली तेव्हा एका पिल्लाने डॉक्टरांच्या बुटावर ओकारी केली. याहून बरी सुरुवात कुणालाही सुचली असती, पण झाली ती अशी.

मार्चमधली भुरभुर पावसाची सकाळ. कोरियातल्या सोकचो गावच्या बाजारात बोरामच्या आईचं सुक्या मासळीचं दुकान होतं. दुकानामागच्या रिकाम्या खोक्यात कुणीतरी दीड महिन्याचं पिल्लू टाकून गेलं होतं. ते जाकिटात घालून बोराम एका हाताने छत्री सावरत रस्ता ओलांडत होती, आणि समोरून आलेल्या एका उंच माणसाच्या छत्रीत तिची छत्री अडकली.

"जरा बघून चाला की!"

"बघूनच चालत होतो," तो म्हणाला. "फक्त... रस्त्याकडे बघत नव्हतो."

यावर चांगलं खरमरीत उत्तर द्यायचं बोरामच्या ओठांवर आलं होतं, तेवढ्यात पिल्लाने ती ओकारी केली. तो माणूस न कुरकुरता तिथेच पावसात उकिडवा बसला आणि बोटाने पिल्लाचा ओठ वर करून हिरड्या बघू लागला.

"दूध पाजलंत?"

"उपाशी होतं बिचारं."

"गाईचं दूध सोसत नाही त्यांना. चला." त्याने दुसऱ्या मजल्यावरच्या पाटीकडे बोट केलं – प्राण्यांचा दवाखाना. डॉक्टर तोच होता.

वर नाव लिहायची वेळ आली. बोरामने वाटेतच ठरवलं होतं, गामजा. म्हणजे बटाटा. खायच्या वस्तूचं नाव ठेवलं की जनावराला उदंड आयुष्य मिळतं, असं तिकडे सगळेच मानतात.

"आडनाव?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"बटाट्याला कसलं आडनाव?"

"तुमचंच लावतो आम्ही."

बोरामचं आडनाव नो. झालं, फाइलवर 'नो गामजा' असं नाव चढलं आणि पाच मिनिटांनी हाक आली, "गामजाची आई, आत या!"

"आई काय म्हणता हो," बोराम कानापर्यंत लाल झाली. "माझं अजून लग्न व्हायचंय."

"असं का?" डॉक्टर वजनकाट्यावरून नजर न हलवता म्हणाले. "नोंद करून ठेवतो."

त्यांनी जंताचं औषध पाजलं आणि समजावून सांगितलं. लसीची इंजेक्शनं पाच, दर दोन आठवड्यांनी एक. पाचवं होईपर्यंत पाय बाहेरच्या जमिनीला लागता कामा नये, न्यायचं तर पिशवीत घालून. तोवर आंघोळ नाही. पिल्लांचं खाणं कोमट पाण्यात भिजवून दिवसातून चारदा द्यायचं, आपल्या ताटातलं काही नाही. बोरामने सगळं नीट ऐकलं. म्हणजे तिला तसं वाटलं. निम्मं लक्ष त्यांच्या भिजलेल्या केसांकडे होतं.

दुसऱ्या इंजेक्शनाच्या दिवशी आई दुकानातून ओरडली, "इंजेक्शन कुत्र्याला, आणि लिपस्टिक तू कशाला लावतेस गं?"

त्या दिवशी डॉक्टरांनी नखं कापायला शिकवलं. "पंजा असा... हलक्या हाताने धरायचा." बोट बोटाला लागलं. गामजा निमूट बसून होता, हात मागे घेतला तो बोरामने.

"भीती वाटते?"

"नखांची नाही," ती म्हणाली आणि जीभ चावली.

तिसऱ्या इंजेक्शनानंतर गामजा मलूल झाला. एक-दोन दिवस सुस्त राहील, काळजी नको, असं डॉक्टर म्हणाले होते. पण बोरामला राहवेना. दुकानात ह्वांगते लटकत होता, डोंगरातल्या थंडीत सुकवलेला तो पिवळा मासा. त्याच्या सुपाने आजारी कुत्रं उठून बसतं, हे त्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. घरच्या पातेल्यातलं वाटीभर सूप तिने तीन दिवस पाजलं. चौथ्या दिवशी गामजाची लघवी गडद तांबडी आली.

ती धावतच दवाखान्यात गेली. गामजाच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"वेगळं काही खाल्लं?" डॉक्टरांनी विचारलं.

बाहेर चार माणसं ऐकत होती. आणि समोर तो... त्याच्यापुढे अडाणी ठरायचं?

"नाही. नेहमीचंच."

त्यांनी रक्त काढलं. कपाळाला आठ्या पडल्या. "रक्तातल्या लाल पेशी फुटतायत. गोचिडीचा ताप म्हणावा तर बाहेर नेलेलंच नाही. मग हे आलं कुठून?" तासभर ते पुस्तकं उलटत होते, फोन करत होते. गामजाचा श्वास उथळ होत चालला, तशी बोरामला रडू कोसळलं.

"सूप... ह्वांगतेचं सूप दिलं मी. आमच्याच पातेल्यातलं."

"लसूण होता?"

"लसणाशिवाय ते सूप कसलं?"

"कांद्याची पात?"

तिने मान डोलावली. डॉक्टरांनी भराभर सलाइन लावलं, ऑक्सिजन लावला. लसूण आणि कांदा कुत्र्याचं रक्त फोडतात, एवढंच नंतर सांगितलं. गामजा पाच दिवस तिथेच होता. सहाव्या दिवशी त्याने शेपूट हलवली आणि बोराम काउंटरला टेकून हमसून हमसून रडली.

पण डॉक्टर बदलले. चौथ्या इंजेक्शनाला त्यांनी फक्त "हिरड्या ठीक आहेत" म्हटलं. ना थट्टा, ना वर बघणं. बोराम घरी येऊन जेवली नाही. आईनेही त्या दिवशी चिडवलं नाही.

मे महिना आला, पाचवं इंजेक्शन झालं. डॉक्टरांनी कार्डावर तारीख घातली. "झालं. आता एकदम पुढच्या वर्षी."

बोराम उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"त्या दिवशी मी तासभर लपवलं आणि हा जाता जाता राहिला. पुन्हा काही लपवायचं नाही मला. तुम्ही मला आवडता. राग गेला नसेल तर तसं सांगा – पुढच्या वर्षी दुसऱ्या दवाखान्यात जाईन."

इन-सोकने हातमोजे काढले. बराच वेळ लावला त्याला.

"राग आहे. पण तुमच्यावर नाही. मी लसणाचं नाव घेऊन बजावायला हवं होतं. ताटातलं देऊ नका म्हणालो आणि सुटलो. या गावात ते सूप कुणी ताटातलं धरतं का? औषधच म्हणतात. येणाऱ्या प्रत्येकाला मी ते बजावतो. तुम्हालाच... तुम्ही समोर बसलात की मला काही आठवत नाही."

"मग एवढे दिवस गप्प का होतात?"

"लाज वाटत होती. डॉक्टर ना मी!"

बोराम हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"एक वर्ष थांबायचं नाही मला," तो म्हणाला. "सातला दवाखाना बंद होतो."

"आता तर सहाच वाजलेत."

"बसाल?"

ती गामजाला मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसली. तास कसला, त्याने सांगितलं असतं तर ती वर्षभर बसली असती.