सेफला दोन हात लागतात

त्या मुलाने तिला चक्क आउट दिलं.

उजवा हात कोपरात वाकवून, मूठ हवेत ठोकून... अगदी टीव्हीवरचे पंच देतात तस्सं! चिगुसा ह्योदो माइकसमोर बसली होती, तोंडावर मास्क, हातात कागद, आणि सहज म्हणून खिडकीतून खाली बघितलं तर हे. ती पुढचं वाक्य वाचायचंच विसरली.

उवाजिमा गावातली ती शाळा साथीमुळे बंद होती, ती तीन महिन्यांनी उघडली होती, पण उघडली म्हणजे नुसती दारं उघडली होती. जेवायच्या सुट्टीत वर्गात सगळ्यांनी फळ्याकडे तोंड करून बसायचं, नाहीतर मैदानावर एकट्याने, आपापला डबा खायचा आणि एक अक्षर बोलायचं नाही. चारशे मुलं आणि आवाज फक्त चघळण्याचा! त्या शांततेत जीव गुदमरू नये म्हणून शाळेच्या रेडिओ मंडळाने स्पीकरवरून दहा मिनिटं खेळाच्या आणि सिनेमाच्या बातम्या द्यायच्या असं ठरलं. वाचायची चिगुसा. आणि शेवटी एक मिनिट, ‘ह्योदोचं मत’.

गंमत म्हणजे गेल्या वर्षापर्यंत हीच चिगुसा हजेरीलासुद्धा पुटपुटायची. मास्क लावला आणि तिला तोंड फुटलं! अर्धा चेहरा झाकला की उरलेली अर्धी मुलगी किती धीट होते, हे तिचं तिलाच नव्याने कळत होतं.

त्या दिवशीचं मत असं होतं, “बेसबॉलची उन्हाळी स्पर्धा रद्द झाली. बरं झालं! दरवर्षी ती मुलं हरतात, आठवण म्हणून मैदानावरची माती पिशवीत भरताना ढसाढसा रडतात, आणि आपण घरी बसून त्यांच्यासोबत रडतो. यंदा रुमाल तरी वाचले.”

यावर आउट. घंटा होताच ती दोन-दोन पायऱ्या उतरत मैदानावर पोचली.

“ए! मघाशी आउट कुणाला दिलंस?”

मैदान सपाट करायच्या सिमेंटच्या रुळावर बसून तो डबा बांधत होता. तिला बघताच त्याने मास्क वर ओढला, आणि मग दिसले फक्त डोळे. उन्हाने बारीक झालेले, शांत.

“तुला.”

“का म्हणून?”

“चुकलीस म्हणून.”

“आणि ते ठरवणारा तू कोण?”

“पंच.”

“कुठल्या मॅचचा?”

“मॅच आहेत कुठे? म्हणून तर मोकळा आहे.”

तिला हसू येत होतं, पण रागावायला खाली आली होती ना! नाव विचारलं. झेनके. तिच्याच वर्षाचा, शेजारच्या वर्गातला. तीन वर्षं बेसबॉल मंडळात, पण पाठीवर एकदाही आकडा मिळालेला नाही. सरावाच्या सामन्यात प्रशिक्षक त्याला पंच म्हणून उभं करायचे.

“म्हणजे तू तसाही खेळणार नव्हतास? मग स्पर्धा रद्द झाली तर तुला काय?” बोलून गेल्यावर चिगुसाने जीभ चावली. मास्कच्या आत.

“मी स्टँडमध्ये उभा राहणार होतो. ओरडायला.” तो डब्याची गाठ नीट करत राहिला. “तीन वर्षं घसा तयार केला. आता ओरडायलाच बंदी आहे.”

एवढंच म्हणाला तो. दुसऱ्या दिवशी चिगुसाने माइकवर सांगितलं, “कालचं मत मी मागे घेते. रुमाल वाचले, पण तयार केलेले घसे वाया गेले... म्हणजे काय, ते ज्याचं त्याला कळलं असेल.” आणि खिडकीकडे बघितलं. खाली तो उठून उभा राहिला, दोन्ही हात छातीपासून बाजूला सपाट पसरले, बेसबॉलचे पंच नाबाद देतात तसे.

सेफ!

ती खिडकीकडेच बघत राहिली. रेडिओ मंडळाच्या शिक्षकांनी, कामेयामा-सेन्सेईंनी, स्टॉपवॉच पुढे केलं. “ह्योदो, मत एक मिनिट म्हणजे एक मिनिट. खिडकीबाहेर बघायला वेगळा वेळ मिळणार नाही.”

मग रोजचंच झालं. सुमोची स्पर्धा प्रेक्षकांशिवाय होणार? माझं मत, पडणाऱ्याचा धप्प आवाज पहिल्यांदाच नीट ऐकू येईल. सेफ. रिकाम्या मैदानात स्पीकरवरून टाळ्या वाजवणार? माझं मत, छान कल्पना. आउट! अमक्या नटाने घरी स्वयंपाक करतानाचे व्हिडिओ टाकले? माझं मत, अभिनयापेक्षा अंडी बरी जमतात त्याला. यावर तो इतका हसला की रुळावरून घसरला. दुसऱ्या मजल्यावरून त्याचा चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा दिसायचा, पण पूर्ण दिसायचा. जवळ गेलं की नुसते डोळे. पूर्ण चेहरा हवा तर लांब राहायचं, जवळ यायचं तर अर्ध्यावर भागवायचं! ह्या वर्षाने असेच सगळे सौदे मांडले होते.

जूनच्या मध्यावर पाऊस लागला. संततधार, दिवसेंदिवस. तरी तो यायचा. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात भाताचा गोळा.

“वर्गात बसून जेव ना, वेड्या,” बूट ठेवायच्या कपाटांपाशी तिने त्याला गाठलं. जमिनीवर चिकटवलेल्या दोन पट्ट्यांवर दोघं उभे, मध्ये दोन मीटर.

“वर्गात हात हलवता येत नाही. सेन्सेई बघतात.”

“पण पावसात तू सगळंच आउट देतोस. आठवडाभर एक सेफ नाही!”

“छत्री असते हातात. आउटला एक हात पुरतो. सेफला दोन लागतात.”

“मग छत्री खाली ठेव.”

“भिजेन ना!”

“माझ्या मतासाठी एवढंसुद्धा भिजणार नाहीस?”

“तसं मत तर दे आधी.”

अस्सा राग आला तिला! आणि मग घरी जाताना सायकलवर ती एकटीच हसत राहिली, पावसात, मास्क भिजून नाकाला चिकटेपर्यंत.

‘कंदीलवाली’चं प्रकरण तिनेच काढलं. या सिनेमाचे दोन भाग तिने बंदरावरच्या मिनातो-झा थिएटरात पाहिले होते, पहिला तीनदा, दुसरा पाच वेळा. दुसऱ्याच्या शेवटी कंदीलवाली पुलाच्या एका टोकाला, नायक दुसऱ्या टोकाला, आणि पडदा काळा. ती पूल ओलांडते की नाही, हे कळायला चिगुसा दोन वर्षं थांबली होती. तिसरा भाग जुलैत येणार होता. मिनातो-झासुद्धा जुलैत उघडणार म्हणत होते.

“पहिला दिवस, पहिला खेळ,” ती म्हणाली. “येशील?”

तो छत्रीची दांडी फिरवत म्हणाला, “नवा नियम आहे. एक खुर्ची सोडून बसायचं.”

“माहितेय. मधल्या खुर्चीवर माझी बॅग.”

“मधल्या खुर्चीवर पॉपकॉर्न.”

“बॅग!”

“पॉपकॉर्न. तुझा हात पोचेल, माझाही पोचेल...” आणि झेनके पायातले बूट बघायला लागला. कान मात्र मास्कच्या बाहेर असतात. ते लालबुंद झाले होते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बातमी आली, सिनेमा पुढे ढकलला. चिगुसाने ती अगदी ठणठणीत आवाजात वाचली. “ऑक्टोबरमध्ये नक्की येईल. माझं मत, ऑक्टोबर पक्का!”

खाली छत्रीच्या आडून मूठ वर आली. आउट.

ती तरातरा खाली कपाटांपाशी गेली. “एकदा, फक्त एकदा खोटं सेफ दिलं असतंस तर तुझं काय बिघडलं असतं?”

“मी खोटं देत नाही.”

“कधीच?”

“गेल्या वर्षी सरावाच्या सामन्यात माझा सगळ्यात जवळचा मित्र धाव पुरी करायला होम प्लेटवर घसरत आला. एवढंसं अंतर. मी आउट दिलं, आपण हरलो. महिनाभर बोलला नाही तो माझ्याशी.”

“आणि तू?”

“आउट होता ना तो.” झेनकेचा आवाज उतरला. “ह्योदो, ऑक्टोबरमध्ये मी इथे नसेन.”

बाहेर पन्हाळीतून पाणी धो धो पडत होतं. चिगुसाला आधी वाटलं, ऐकण्यात काही चुकलं.

त्याच्या बाबांची मोत्यांची शेती होती, खाडीत तराफे. गेल्या वर्षी शिंपले मेले, यंदा लग्नंच होत नाहीत तर मोती घेणार कोण! तराफे मोडून झाले होते. लांबच्या फुनाबाशी शहरात काकांनी बाबांना शीतगृहात काम बघून दिलं होतं. वीस तारखेला, सोमवारी सकाळी ट्रक निघणार.

“सुट्टीत येशील ना?”

“घर राहिलं नाही इथे. आणि सध्या शहरातून येणाऱ्याला कोण दारात उभं करतंय?”

तिने पट्टी ओलांडून एक पाऊल पुढे टाकलं. तो एक पाऊल मागे सरकला. “नको. तुझी आजी घरात आहे ना...”

एवढं सगळं लक्षात ठेवणारा मुलगा, आणि जायला उरलेले दिवस नऊ.

त्या नऊ दिवसांत चिगुसाला बोलायचं होतं, खरंच. चारशे जणांना ऐकवणाऱ्या मुलीला एकालाच सांगायचं एक वाक्य जमेना. रोज ठरवायची. रोज कपाटांपाशी उभी राहून जाकोतेनबद्दल बोलायची. “आईने आज पण तळलेल्या मासळीच्या वड्याच दिल्यात, कंटाळा आला बाई...” आणि तो म्हणायचा, “फुनाबाशीला मिळत नाहीत म्हणे.” मग घंटा व्हायची.

तिला निदान एक धीर होता. सिनेमा कधीतरी येईल, मिनातो-झा तर कुठे जात नाही. तो वर्षाने येवो, दोन वर्षांनी येवो... डावीकडची तिची नेहमीची सातवी रांग तिथेच असेल.

गुरुवारी संध्याकाळी ती बंदरावरून सायकलने चालली होती. मिनातो-झाचं शटर खाली होतं, आणि त्यावर ब्रशने लिहिलेला कागद. अठ्ठावन्न वर्षं आलात, आभार. आता कायमचं बंद करत आहोत. पावसाने ‘आभार’ची शाई ओघळून खालपर्यंत आली होती. बाजूच्या गल्लीत खुर्च्या ढीग करून ठेवल्या होत्या, मखमलीत पाणी मुरत होतं. ती सायकल धरून उभी राहिली. सातव्या रांगेतल्या कुठल्या, ते आता ओळखूसुद्धा येत नव्हतं.

शुक्रवार, सतरा तारीख. त्याचं शाळेतलं शेवटचं जेवण.

पाऊस होताच. रुळावर छत्री, छत्रीखाली तो. चिगुसाने कागद समोर धरला. तिची बातमी तिलाच वाचायची होती.

“सिनेमाच्या बातम्या. बंदरावरचं मिनातो-झा... कायमचं बंद झालं आहे.”

छत्री हलली नाही. त्यालाही माहीत होतं तर. सगळ्या गावाला माहीत होतं.

“आता ह्योदोचं मत.” तिने कागद उलटा ठेवला. “माझं मत असं आहे की मिनातो-झा पुन्हा उघडेल. ‘कंदीलवाली’ त्याच पडद्यावर लागेल. पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला, डावीकडच्या सातव्या रांगेत दोन जण येऊन बसतील. एक खुर्ची सोडून. मधल्या खुर्चीवर पॉपकॉर्न... हो, पॉपकॉर्न! बॅग नाही. मी बॅगेचा हट्ट सोडलाय.” तिने माइक घट्ट धरला. “आणि त्या दोघांतल्या मुलीला एक गोष्ट सांगायची आहे. ती तिने नऊ दिवसांत सांगितली नाही, कारण ती फक्त माइकवर शूर आहे. म्हणून माइकवर सांगते. तिला तो मुलगा आवडतो. फार आवडतो. आणि तो येणार आहे. हे माझं मत आहे.”

मिनिट केव्हाच उलटून गेलं होतं. कामेयामा-सेन्सेईंनी स्टॉपवॉच खिशात टाकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

चिगुसाने खाली बघितलं.

तो उभा होता. उजव्या हातातला भाताचा गोळा त्याने रुळावर ठेवला. हात कोपरात वाकला, बोटं मिटायला लागली. तिने ओठ घट्ट आवळले. आउटच होतं ते. शटर खाली होतं, खुर्च्या गल्लीत भिजत होत्या, ट्रक सोमवारी निघत होता. कुठल्याही पंचाने आउटच दिलं असतं, आणि हा तर स्वतःच्या मित्रालाही...

मूठ अर्ध्यावर थांबली.

मग झेनकेने छत्री सोडली. ती वाऱ्याने उलटी होऊन चिखलातून लोळत गेली, जाळीला जाऊन अडकली, त्याने बघितलंही नाही. भर पावसात उभा राहून त्याने दोन्ही हात बाजूला पसरले. सपाट, लांब, बोटांच्या टोकांपर्यंत ताणून. एकदा. मग पुन्हा. मग तसेच धरून ठेवले. चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं, अंगठ्याच्या नखाएवढा तो चेहरा, पूर्ण.

सेफ.

आयुष्यात पहिल्यांदा तो खोटं सांगत होता. त्याला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. चिगुसाने काचेवर तळहात ठेवला आणि घंटा होईपर्यंत काढला नाही.

सोमवारी पाऊस थांबला होता. रूळ कोरडा पडला होता, जाळीत छत्रीच्या काड्या अडकल्या होत्या. चिगुसाने खेळाच्या बातम्या वाचल्या, सिनेमाच्या वाचल्या. ‘कंदीलवाली’ आता थिएटरात येणार नव्हता, थेट फोनवर बघता येणार होता, घरबसल्या, एकेकट्याने.

“माझं मत,” ती म्हणाली, “कंदीलवाली पूल ओलांडत नाही.”

आणि सवयीने खिडकीकडे बघून निर्णयाची वाट बघत राहिली. इतका वेळ, की फळ्याकडे तोंड करून जेवणाऱ्या चारशे जणांना वाटलं, स्पीकरच बिघडला.