सात-चारचा निरोप

*आवाज बंद तर नाही ना?*

दुकानाच्या काचेवर तिने एक कागद चिकटवला होता. 'फोन माझ्या हातात देण्याआधी हे वाचा' असं वर मोठ्या अक्षरांत, आणि खाली प्रश्न. त्यातला पहिला हा. निम्मी गिऱ्हाइकं कागद वाचता वाचताच ओशाळून परत जायची. कॉम्प्लेक्समधले सगळे तिला डॉक्टरीण म्हणत. जिन्याखालच्या त्या दुकानाचा उजवा अर्धा भाग तिचा, मोबाइल दुरुस्तीचा. डावा नवऱ्याचा, किल्ल्यांचा. तो दिवसभर किल्ल्या घासायचा, पितळेचा भुगा उडून तिच्या भिंगावर बसायचा, आणि त्यावरून दोघांचं दिवसातून एकदा तरी वाजायचं.

तर अशा या डॉक्टरणीचा स्वतःचाच फोन अकरा दिवस आजारी होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

तिचा मोठा भाऊ, दादा, नदीपलीकडे चौथ्या मजल्यावर एकटा राहायचा. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला. दोन वर्षांपूर्वी तो न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडला आणि नऊ तास तिथेच पडून राहिला. हाक मारून मारून घसा बसला तेव्हा कुठे खालच्या मजल्यावरच्यांना शंका आली. त्यानंतर 'आमच्याकडे राहायला ये' हे सांगून तिची जीभ झिजली. तुमच्या घराला लिफ्ट नाही, असं तो म्हणायचा. ती तळमजल्यावर राहायची.

शेवटी तिने त्याच्या आणि स्वतःच्या फोनमध्ये एक ऍप घातलं. सकाळी सात ते साडेसातच्या दरम्यान त्याने एक बटण दाबायचं, तिच्या फोनवर निरोप यायचा: 'दादा ठीक आहे.' साडेसातपर्यंत दाबलं नाही तर तिचा फोन बोंबलायचा. पहिल्याच महिन्यात दादाने बटण दाबायला वॉचमनला पटवलं, आणि स्वतः खुशाल आठपर्यंत झोपू लागला. तिला कळल्यावर तिने बटणाला कुलूप घातलं. आता दादाचा अंगठा जुळल्याशिवाय निरोप जायचा नाही. तिजोरीलाही एवढा बंदोबस्त नसतो, चिमे, असं म्हणून तो चार दिवस फुगून बसला होता.

निरोप येत राहिला. रोज येणारी गोष्ट पुढे पुढे दिसेनाशी होते. एका शनिवारी, दुसऱ्याच कुणाचा फोन तपासताना तिच्या मनात आलं की 'दादा ठीक आहे' हे आपण शेवटचं कधी वाचलं?

*ऍपला झोपवलंय का?*

झोपवलं होतं. मागच्या अपडेटनंतर बॅटरी वाचवण्याच्या नादात तिच्या फोनने ते ऍप गाढ झोपवून टाकलं होतं. निरोप नाही आणि भोंगाही नाही. रोज दहा जणांना ती हेच समजावून सांगत होती. नवरा म्हणाला की डॉक्टरीणबाईंनी आता स्वतःचीच फी भरावी.

तिने बॅटरीचं बंधन काढलं, मागे चालण्याची परवानगी दिली, सूचनांची सगळी बटणं एकेक करून पाहिली. फोन एकदा बंद करून चालू केला. आणि अडकून राहिलेले निरोप धबाधबा पडले.

दादा ठीक आहे. सात वाजून चार मिनिटं.
दादा ठीक आहे. सात वाजून चार मिनिटं.
दादा ठीक आहे.

अकरा निरोप. तिने हुश्श केलं. मग पुन्हा वरून खाली पाहिलं. अकराच्या अकरा दिवस बरोबर सात-चार. दादाने आयुष्यात कुठलीही गोष्ट वेळेवर केलेली नव्हती, स्वतःच्या लग्नालासुद्धा तो तासभर उशिरा पोचला होता.

रविवारी ती नदीपलीकडे गेली. दादाने दार उघडलं. दाढी वाढलेली, बनियन उलटं. तिने सहज विचारलं की हल्ली इतका वक्तशीर कसा झालास.

"कसला वक्तशीर? तो मेला अंगठाच घेत नाही माझा. दहा-बारा दिवस झाले."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू ओरडत आली नाहीस. म्हटलं, पोचत असेल काहीतरी."

*सेन्सर पुसून पाहिला का?*

तिने पुसला. दादाचा अंगठा साबणाने धुऊन घेतला, कोरडा केला, ठेवला. जुळला नाही. पुन्हा ठेवला. जुळला नाही. तिने अंगठा खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरला. रेषा जवळजवळ नव्हत्याच. त्यात तिला नवल वाटलं नाही. चाळीस वर्षं ग्रीस आणि लोखंडी दोर हाताळलेले हात, त्यात म्हातारपण. अशी बोटं तिच्याकडे नेहमी यायची.

नवल दुसऱ्याच गोष्टीचं होतं. मग रोज कुणाचा अंगठा जुळतो?

दादा म्हणाला की हल्ली सकाळी त्या अंगठ्याला मुंग्या येतात, कुणी धरून दाबल्यासारखं होतं, बहुतेक तो अंगाखाली घेऊन झोपत असणार. वजनही उतरलंय. तिने डॉक्टरांना दाखवायचं कबूल करून घेतलं, त्याला बटणांचा एक साधा फोन दिला आणि त्याचा स्मार्टफोन रुमालात गुंडाळून बरोबर आणला.

रोज सकाळी किंवा दुपारी जमेल तेव्हा फोन करीन, असं ती जिन्यातून म्हणाली. दादा लिफ्टचं दार धरून उभा होता. ती जिन्याने गेल्याचा त्याला राग आला होता.

*फोनमध्ये आणखी कुणी शिरलंय का?*

सोमवारचा दिवस यात गेला. बाहेरून आणून घातलेलं ऍप नाही. पडदा वाचणारं, सूचना वाचणारं, फोनचा मालक होऊन बसलेलं काही नाही. खातं दुसऱ्या कुठल्या फोनवर उघडलेलं नाही. तिने पासवर्ड बदलले तरीही. नवऱ्याने विचारलं की इतकं काय शोधतेस, तर म्हणाली, की कुणीतरी दादाच्या नावाने सह्या करतंय. उद्या तो पुन्हा पडला तर हा फोन मला 'ठीक आहे' सांगत राहील, आणि मी इथे बसून लोकांचे स्पीकर साफ करत राहीन.

नवरा म्हणाला, "कुलूप तुटलेलं नसेल, तर किल्ली कुणाकडे तरी आहे. एवढंच."

मंगळवारी सकाळी तिने तो फोन घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला. नेटवर्क बंद, वायफाय बंद, सिमकार्ड काढून बशीत. पडद्यावर बोटांच्या ठशांची यादी उघडून ठेवली. यादीत दोनच ओळी होत्या: 'दादा', आणि दुरुस्तीच्या सोयीसाठी तिचा स्वतःचा, 'चिमी'. या यादीची एक गंमत ती गिऱ्हाइकांना दाखवत असे. यादी उघडी असताना सेन्सरवर बोट ठेवलं की ते बोट ज्या ओळीचं, ती ओळ उजळते. तिने आपला अंगठा ठेवला. दुसरी ओळ उजळली. उचलला. विझली.

सात वाजले. नवरा दाढी अर्धी ठेवून बघायला आला.

सात-चारला पहिली ओळ उजळली.

उजळून तशीच राहिली. माणूस अंगठा टेकवतो, जुळला की नाही याची खात्री करायला आणखी जरासा दाबून धरतो, तितका वेळ. मग विझली. तिच्या कमरेला खोचलेला तिचा स्वतःचा फोन वाजला.

दादा ठीक आहे.

"तू हात लावलास?" नवऱ्याने विचारलं.

"नाही."

 त्या दिवशी दुकानात किल्ल्या घासल्याचा आवाज नेहमीपेक्षा जास्त येत होता.

*सेन्सर बदलून पाहिला का?*

बदलला नाही. काढलाच. मंगळवारी दुपारी तिने फोन उघडला, सेन्सरची पट्टी चिमट्याने सोडवली आणि काचेच्या डबीत ठेवून झाकण लावलं. आता त्या फोनला बोट म्हणजे काय हे कळायलाच नको होतं.

बुधवार, सात-चार. पहिली ओळ उजळली.

तिने ताबडतोब दादाला फोन लावला. तो झोपेतून उठून बोलला. हो, बरा आहे. अंगठा गार पडलाय, बाकी काही नाही. रात्री जेवण गेलं नाही. डॉक्टरकडे? जाईन की. आज पाय उचलत नाहीत.

त्याचा आवाज लांबून येत होता. तिने तो दोष बटणफोनच्या माथी मारला.

*आधीची माहिती पुसून नव्याने नोंद केलीत का?*

कागदावरचा हा शेवटचा प्रश्न, आणि निम्मी दुखणी इथे बरी होतात. नोंद बिघडली की ती पुसायची, पुन्हा घ्यायची. काही का असेना, पहिली ओळच नसेल तर उजळणार काय? आणि दादाचा उजवा अंगठा झिजला असला तरी डाव्या हाताची बोटं होती. त्यांतलं एखादं नोंदवायचं, मग भोंगा खरा होईल, मग दादा पुन्हा नऊ तास कुठे पडून राहणार नाही. तिला हवं होतं ते इतकंच.

गुरुवारी सकाळी साडेदहाला तिने सेन्सरची पट्टी पुन्हा बसवली. दुकानात उन्हाचा पट्टा काउंटरपर्यंत आला होता. तिने आपल्या फोनवरून दादाला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि काम चालू ठेवलं. तासाभरात फोन घेऊन येते, डावा हात धुऊन ठेव, असं तिने सांगितलं.

दादा त्या दिवशी जरा खुशीत होता. म्हणाला, हा बटणांचा फोनच राहू दे, दाबलं की दाबल्यासारखं वाटतं. त्याच्याकडे रेडिओ चालू होता. तिने यादी उघडली. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. फोनने विचारलं, हा ठसा काढायचा?

"लिफ्टचंही तसंच असतं, चिमे," दादा सांगत होता. "माणसाला बटण बोटाखाली लागलं पाहिजे. नाहीतर त्याला वाटतं, आपण बोलावलंच ना—"

तिने 'काढा' दाबलं होतं.

रेडिओ चालू होता. बाई कुठल्याशा रस्त्यावरच्या वाहतुकीबद्दल बोलत होती.

"दादा?"

पडद्यावर संभाषणाची मिनिटं पुढे सरकत होती. चार-बारा. चार-तेरा. नवऱ्याने मशीन बंद केलं.

तिने फोन कापला नाही. रिक्षात तो कानाशी धरून बसली. पुलावर, सिग्नलला, रेडिओवरची बाई बोलत राहिली. एकोणतीस मिनिटांनी तिने स्वतःजवळच्या किल्लीने दादाचं दार उघडलं, आणि दार उघडल्याचा आवाज तिला तिच्याच फोनमधून पुन्हा ऐकू आला. मग तिच्या चपलांचा. मग तिचा स्वतःचा श्वास.

दादा खुर्चीत होता. बटणफोन मांडीवर, डावा हात ओला.

*नोंद परत आणता येते का?*

हा प्रश्न कागदावर नव्हता. गिऱ्हाइकं तो तोंडी विचारत, आणि ती सांगत असे की नाही. ठसा एकदा काढला की गेला. नव्याने घ्यावा लागतो.

त्याच इमारतीतले, तळमजल्यावरचे डॉक्टर येऊन गेले. हृदय, म्हणाले, कळलंही नसेल. कागद करायला ते खाली गेले. नवरा दुकान बंद करून निघाला होता. दादाला दोघा शेजाऱ्यांनी पलंगावर निजवलं होतं, आणि तिला जरा एकटं बसू द्यावं म्हणून ते जिन्यात उभे होते.

तिने पर्समधून रुमाल काढला, रुमालातून फोन. आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं. जिवंत कातडी असल्याशिवाय हा सेन्सर काही वाचत नाही. तिने शेकडो जणांना हे सांगितलं होतं. तिने नवा ठसा निवडला. दादाचा उजवा अंगठा दोन्ही तळव्यांत धरून चोळला, त्यावर फुंकर घातली आणि काचेवर टेकवला.

काही झालं नाही.

पुन्हा टेकवला. पुन्हा.

चौथ्यांदा फोन बारीकसा थरथरला.

अंगठा उचला. पुन्हा ठेवा.

तिने उचलला, ठेवला. थरथर. उचलला, ठेवला. पडद्यावरचं वर्तुळ थोडं थोडं भरत होतं. नऊ टक्के. चौदा. वीस. तिच्या ओठांतून आवाज येत नव्हता, पण ती मोजत होती. सव्वीसला तिच्या लक्षात आलं की दादाचं मनगट आता वळत नाहीये.

तिने त्याचा हात हळूच त्याच्या छातीवर ठेवला. वरून चादर ओढली. फोन उचलून पलीकडच्या टेबलावर, औषधांच्या डबीशेजारी ठेवला आणि पलंगाच्या कडेला बसली.

जिन्यात कुणीतरी खोकलं.

फोन थरथरला.

एकतीस.

अंगठा उचला. पुन्हा ठेवा.

खिडकीतून दुपारचं ऊन थेट टेबलावर येत होतं, म्हणून काच स्पष्ट दिसत होती. सेन्सरच्या जागी वाफेचा एक लंबगोल डाग उमटला. विरला. पुन्हा उमटला.

त्यात रेषा होत्या. सगळ्या.